दोर आखूड, कापड सैल: शिडाच्या काठाला दोर का शिवतात

प्रश्न थोडक्यात असा. एक जण छोट्या लाकडी होडीसाठी जुन्या पद्धतीचं शीड स्वतः शिवतो आहे. जुन्या जहाजांच्या शिडांना चारी बाजूंनी दोर शिवलेला त्याने पाहिला, तोही कापडाच्या एकाच अंगाला. हा दोर नेमकं काय करतो, त्याऐवजी कड दोन-तीनदा दुमडून जाड केली तर का चालत नाही, आणि लावायचाच तर कसा लावायचा, हे त्याला हवं आहे.

मी गेली अनेक वर्षं शिडं शिवतो आणि दुरुस्त करतो. सुती, लिनन, पॉलिएस्टर, सगळी हाताखालून गेली आहेत. शीड शिवण्याच्या कामाचा गाभाच या प्रश्नात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नावं. या दोराला बोल्टरोप म्हणतात. मी त्याला काठदोर म्हणतो आणि पुढे तोच शब्द वापरतो. चौकोनी शिडाचा वरचा काठ परबाणाला, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या काठीला, बांधलेला असतो. तिथला तो माथ्याचा दोर, दोन्ही बाजूंचे ते कडेचे दोर आणि खालचा तो पायाचा दोर. इथे एका घोटाळ्यापासून सावध राहा. पायाच्या दोराला फूटरोप म्हणतात, आणि परबाणाखाली ज्यावर पाय टेकून खलाशी काम करतात त्या दोरालाही फूटरोपच म्हणतात. जुनी माहिती वाचताना कोणत्या फूटरोपची गोष्ट चालली आहे हे आधी ठरवा, नाहीतर जाडीचे आकडे भलतीकडेच लागू होतात.

आता मुद्द्यावर. शिडाच्या जाड कापडाचा वीतभर तुकडा घ्या आणि दोन्ही हातांनी जोर लावून ओढा. तो फाटणार नाही. मग काठाला कात्रीने बोटाच्या पेराएवढी चीर द्या आणि पुन्हा ओढा. टर्रकन फाटत जाईल. कापड तेच, जोर तोच. फरक इतकाच की आधी ताण शेकडो धाग्यांत वाटला गेला होता, आणि चीर पडल्यावर तो चिरेच्या टोकाच्या एक-दोन धाग्यांवर येऊन बसला. ते तुटले की पुढचे दोन, मग त्यांच्या पुढचे. शीड असंच जातं. मधलं कापड वाऱ्याच्या दाबाला सहसा पुरून उरतं. घात होतो तो काठावर, जिथे धागे संपतात आणि फडफड सगळ्यात जास्त असते.

दाबाचा अंदाज यावा म्हणून ढोबळ हिशेब देतो. सेकंदाला 10 मीटर वेगाचा वारा आडव्या कापडावर चौरस मीटरमागे साधारण 6 किलो जोर लावतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे सुमारे 24 किलो. 1805 च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत एचएमएस व्हिक्टरी या ब्रिटिश युद्धनौकेवर असलेलं पुढच्या डोलकाठीचं टॉपसेल, म्हणजे खालून दुसरं चौकोनी शीड, आजही जपून ठेवलेलं आहे. त्याचं क्षेत्रफळ 3,618 चौरस फूट, म्हणजे सुमारे 336 चौरस मीटर. पहिल्या वाऱ्यात त्या एका शिडावर 2 टन, दुसऱ्यात 8 टन जोर येईल. हा सगळा जोर शेवटी जहाजापर्यंत पोचायचा तो शिडाच्या काठातून आणि कोपऱ्यांतून. त्या शिडाला गोळ्यांची नव्वदेक भोकं पडलेली आहेत. तरीही ते आज एक अखंड शीड म्हणून ओळखू येतं, कारण मधलं भोक म्हणजे शिडाचा शेवट नव्हे. चीर कापडाच्या पट्ट्या जोडणाऱ्या दुहेरी शिवणीपाशी किंवा काठदोरापाशी अडखळते. तीच चीर उघड्या काठावरून निघाली असती तर तिला अडवायला काहीच नव्हतं.

मग काठ दुमडून जाड का करू नये? करायचाच. दुमडलेला काठ प्रत्येक चांगल्या शिडाला असतो आणि दोर त्यावरच शिवतात. पण नुसती दुमड पुरत नाही, याचं कारण जाडीत नाही, लांबीत आहे. दुमडीचं कापडही तेच कापड. ताण आला की मधलं कापड जितकं लांबतं तितकीच दुमडही लांबते. ताण दोघांत वाटला जातो खरा, पण काठ कापडाला मोकळं करू शकत नाही. दोर ते करतो, कारण तो मुद्दाम आखूड ठेवलेला असतो. शिवताना कापड थोडं सैल सोडून, म्हणजे दोराच्या एका हाताला कापडाचा एक हात आणि वर थोडं जास्त, असं शिवतात. ताण आला की आधी दोर ताणला जातो. तो थोडा लांबतो, मग कुठे कापड आपल्या लांबीपर्यंत पोचतं. तोवर बहुतेक भार दोराने उचललेला असतो. काठदोराची सगळी विद्या या एका गोष्टीत आहे. दोर कितीही जाड घेतला आणि कापडाच्या बरोबरीने शिवला, तर हेंपचा, म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्याचा, दोर कापडापेक्षा जास्त लांबतो आणि भार पुन्हा कापडावर येतो. मग तो दोर म्हणजे काठाला लटकवलेलं नुसतं वजन.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एक शीड मी फार टापटिपीने शिवलं होतं, काठावर एक सुरकुती नाही. देखणं दिसत होतं. पहिल्याच दमदार वाऱ्यात खालच्या कोपऱ्यापासून हातभर वर, दोराला अगदी लगटून, कापड उभं फाटलं. दोर जसाच्या तसा होता. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो त्यांनी फाटलेला भाग टेबलावर पसरला आणि दोर व कापड वेगवेगळं मोजायला लावलं. दोन्हींची लांबी सारखी भरली. त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. नव्या शिडाच्या काठावर बारीक चुण्या दिसल्या पाहिजेत. ती चूक नाही, पुढे लांबणाऱ्या दोरासाठी ठेवलेली जागा आहे.

उलट बाजूचा पुरावा जुन्या खलाशांनी पुष्कळदा पाहिला. तुफानात शीड फुटतं तेव्हा कधीकधी सगळं कापड चिंध्या होऊन उडून जातं आणि परबाणाखाली दोराची रिकामी चौकट तेवढी झुलत राहते. भार कोण वाहत होतं ते यावरून दिसतं.

काठ सरळ का नसतो, हेही इथेच समजून घ्या. वाळत घालायची दोरी अगदी ताठ बांधली आणि तिच्या मधोमध एक ओला कपडा टाकला, तर दोन्ही टोकांना कपड्याच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ बसते. दोरीला थोडा झोल असेल तर ओढ कमी. शिडाचं कापड काठाला आतल्या बाजूला ओढत असतं. काठ आत वळलेला असेल तर ती ओढ दोराच्या लांबीच्या दिशेने वळते आणि कोपऱ्यांकडे जाते. हिशेब सोपा आहे: मीटरमागची ओढ गुणिले वळणाची त्रिज्या म्हणजे दोरातला ताण. कापड मीटरमागे 100 किलोने ओढत असेल आणि काठाच्या कमानीची त्रिज्या 20 मीटर असेल, तर दोरात 2 टन ताण येतो. काठ त्याहून सरळ केला, त्रिज्या 40 मीटर झाली, की तोच ताण 4 टन. म्हणून मोठ्या चौकोनी शिडांचा खालचा काठ बहुधा कमानीसारखा कापलेला दिसतो. खालचा काठ दोरखंडांना घासू नये हेही त्यामागे असतं, पण ताणाचं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. माथ्याचा दोर मात्र परबाणाला जागोजागी बांधलेला असतो, त्याला एकट्याने फारसं वाहावं लागत नाही, म्हणून तो बाकीच्यांपेक्षा बारीक असतो.

आता एकाच अंगाला का. चौकोनी शिडाला काठदोर मागच्या अंगाला शिवतात, म्हणजे जहाजाच्या पिछाडीकडच्या. जी शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेने लागतात, त्रिकोणी किंवा तिरकी, त्यांना तो डाव्या अंगाला. कारण कामाचं आहे. अंधाऱ्या रात्री, पावसात, शीड वर चढवताना डोळ्यांचा उपयोग नसतो. काठावरून हात फिरवला की दोर कोणत्या बाजूला आहे ते कळतं, आणि शिडाचं पुढचं अंग कोणतं, मागचं कोणतं, हे लगेच उमगतं. तुम्हीही हा नियम पाळा. छोट्या होडीत त्याची गरज कमी पडेल, पण पुढे कुणी तुमचं शीड हाताळलं तर हातांना ओळखीची खूण मिळेल.

कोपरे ही या कामातली सगळ्यात अवघड जागा. प्रत्येक कोपऱ्यात दोन काठांचा ताण एकत्र येतो. जुन्या चौकोनी शिडांत खालच्या कोपऱ्यावर काठदोरच वळवून त्याचा मोठा फास करत. त्याच्या पेडांमधल्या खाचा बारीक दोरीने भरत, वर डांबरात भिजवलेल्या कापडाची पट्टी गुंडाळत आणि त्यावर घट्ट सुतळी वळत. खाच भरणं आणि पट्टी गुंडाळणं पिळाच्या दिशेने, शेवटची सुतळी पिळाच्या उलट. असा गुंडाळलेला दोर सुईने शिवता येत नाही, म्हणून त्या भागात कापडाला छिद्रं पाडून जाड सुतळीने दोर कापडाला बांधून टाकत. पुढे लोखंडी कड्या आल्या आणि काम सोपं झालं. पण दोराचा कोपरा थोडा हलतो, वळतो, ताण जुळवून घेतो. लोखंड तसं करत नाही, त्यामुळे लोखंडी कडीच्या तोंडाशी कापड घासतंय का हे वरचेवर बघावं लागतं.

काठदोरात जागोजागी छोटे फास विणलेले असतात, त्यांना क्रिंगल म्हणतात. दोराचा एकच सुटा पेड घेऊन तो काठदोरातून ओवत, स्वतःभोवतीच तीनदा वळवून हा फास तयार होतो. मग लाकडी सुळ्याने तो ताणून मोठा करायचा आणि परत आवळायच्या आत खोबणीचं धातूचं कडं त्यात ठोकून बसवायचं. क्षणभर उशीर झाला तर कडं आत जात नाही. या विद्येत मला सगळ्यात आवडणारं काम हेच. एका पेडाचा तुकडा, त्यात गाठ नाही की शिवण नाही, आणि तो शिडाच्या आयुष्यभर टिकतो.

या फासांना बाकीचे दोर येऊन मिळतात, आणि इथे शिडाच्या दोरांचं सगळं जाळं उलगडतं. खालचे कोपरे ओढून धरणारे ते शीट. तेच कोपरे परबाणाकडे उचलणारे क्लूलाइन. पायाचा काठ वर गोळा करणारे बंटलाइन, कडा आत ओढणारे लीचलाइन. वाऱ्याकडची कड पुढे ताणून ठेवणारा बोलाइन. जगभर वापरात असलेल्या बोलाइन गाठीचं नाव याच दोरावरून पडलं. हे सगळे दोर कापडाला कुठेही थेट धरत नाहीत, काठदोराला धरतात. आठ-दहा माणसं बंटलाइन खेचतात तेव्हा तो जोर थेट कापडावर आला असता तर छिद्रांतून कापड चिरत गेलं असतं.

बंटलाइन शिडाच्या पुढच्या अंगावरून उतरतात, त्यामुळे कापड घासतं. म्हणून त्यांच्या वाटेवर कापडाचा जादा थर शिवत. शिवाय शीड लागल्यावर बंटलाइन ढिली ठेवून वर कप्पीपाशी बारीक, सहज तुटणाऱ्या दोऱ्याने बांधून ठेवत, म्हणजे तिचं वजन शिडावर घासत राहणार नाही. शीड गुंडाळायची वेळ आली की खालून एक हिसका द्यायचा, दोरा तुटतो. हे काम कंटाळवाणं होतं, ते न करणाऱ्याच्या शिडावर उभे झिजलेले पट्टे दिसत.

शीड लहान करण्याच्या पट्ट्यांबद्दलही लोक विचारतात. शिडाला आडव्या ओळीत लोंबणाऱ्या छोट्या दोऱ्या असतात, त्या रीफ पॉइंट. त्या कापडावर शिवलेल्या आडव्या जाड पट्टीतून आरपार गेलेल्या असतात. जोर वाढला की शीड खाली घेऊन किंवा वर गोळा करून त्या ओळीपाशी बांधतात. पण भार या छोट्या दोऱ्यांनी घ्यायचा नसतो. आधी दोन्ही टोकांच्या क्रिंगल ताठ बांधायच्या, म्हणजे नवा काठ तयार होतो. रीफ पॉइंट नंतर, मधला सैल भाग आवरण्यापुरते. हा क्रम चुकला की पट्टीतून एकेक दोरी उपटून निघते. तुमच्या होडीला रीफ ठेवणार असाल तर हे हातात भिनवून घ्या.

डोलकाठीला आधार देणारे जाड दोर, म्हणजे बाजूंचे श्राउड आणि पुढचे-मागचे स्टे, यांचं काम वेगळं आहे. ते काठी उभी ठेवतात, शीड मजबूत करत नाहीत. एकच जोडणी महत्त्वाची आहे: पुढची त्रिकोणी शिडं स्टेवर कड्यांनी सरकतात. त्यांचा पुढचा काठ स्टेपेक्षा ढिला पडला तर कड्यांच्या मध्ये कमानी पडतात आणि प्रत्येक कड्यापाशी ताण एकवटतो. काठदोर चढवताना ताठ झाला पाहिजे, म्हणजे कड्यांवर फक्त कापड जागेवर ठेवण्याचं काम उरतं. 1834 मध्ये जर्मनीतल्या हार्ट्झच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्टने तारेचा दोर बनवला. पुढे जहाजांच्या स्टेसाठी तो सर्रास आला, आणि नंतर काही शिडांच्या काठांनाही. लहान होडीच्या सुती शिडाला मात्र तार लावू नका. ती लांबत नाही, आणि आपण वर पाहिलेला सगळा हिशेब बिघडतो.

काठाला दोर हा एकच मार्ग नाही, हेही लक्षात असू द्या. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी मायोस हॉर्मोस या रोमन काळातल्या बंदरात शिडाचे तुकडे सापडले आहेत, सुती कापडाचे, आणि त्यांवर मजबुतीसाठी विणलेल्या पट्ट्या शिवलेल्या आहेत. त्या शिडांत कापडाच्या अंगभर पट्ट्यांची चौकट होती आणि शीड आवरण्याचे दोर पुढच्या अंगावरच्या छोट्या कड्यांतून जात. चिनी जंक जहाजांनी तर निराळीच वाट काढली. शिडाला आडव्या बांबूच्या काठ्या, आणि प्रत्येक काठीच्या टोकाला स्वतंत्र बारीक दोर. ताण इतका वाटला जातो की कापडाला जवळजवळ काहीच वाहावं लागत नाही. एखाद्या खणाचं कापड फाटलं तरी बाकीचं शीड चालू राहतं. मला स्वतःला ही रचना फार हुशार वाटते. बघा, तिन्ही पद्धतींत कापडाकडे वारा अडवण्याचं काम आहे आणि भार वाहायला दुसरं कुणीतरी आहे.

आता तुमच्या शिडाकडे. होडी छोटी आहे म्हणजे शीड बहुधा चौकोनी नसून लांबीच्या दिशेने लागणारं असेल. मग चारी बाजूंना दोर नको. कापडाच्या पट्ट्या मागच्या काठाला समांतर उभ्या लावल्या असतील, तर मागचा काठ ताण्याच्या, म्हणजे कापडाच्या लांबीतल्या उभ्या, धाग्यांच्या दिशेत येतो आणि तो स्वतःच बराच मजबूत असतो. पुढचा काठ मात्र तिरपा, उरेब कापला जातो. उरेब कापड ओढलं की कसं लांबत जातं हे शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. दोराची खरी गरज तिथे आहे. मागच्या काठाला पूर्ण लांबीचा दोर शिवला तर काठ आतल्या बाजूला हुकासारखा वळतो आणि वारा अडकून बसतो. म्हणून पुढचा काठ आणि पायाचा काठ यांना दोर लावा, कोपऱ्यांवरून तो वळवून मागच्या काठावर थोडं अंतर न्या आणि तिथे संपवा.

संपवतानाही तो एकदम तोडू नका. पेड उलगडून प्रत्येक पेडातली सुतं हळूहळू कमी करत जा आणि पुन्हा पीळ देऊन टोक उंदराच्या शेपटासारखं निमुळतं करा. दोर जिथे अचानक संपतो तिथे कापडाला अचानक सगळा भार मिळतो, आणि ते तिथेच फाटतं. निमुळत्या टोकात भार हळूहळू कापडाकडे जातो.

दोर तीन पेडी, उजव्या पिळाचा, हाताला मऊ लागणारा घ्या. कडक पिळाचा दोर सुईला जागा देत नाही आणि शीड आखडवतो. जुन्या तक्त्यांत दोराचं माप घेराचं असतं, व्यासाचं नव्हे. तिथला 3 इंची दोर म्हणजे व्यासाने साधारण 24 मिलिमीटर. हे न कळल्यामुळे मनगटाएवढा दोर विकत आणलेले लोक मी पाहिले आहेत. कापडाच्या बाबतीतही असाच गोंधळ होतो. जुन्या ब्रिटिश क्रमांकांत 1 नंबरचं कापड सगळ्यात जाड, 8 नंबरचं सगळ्यात हलकं.

शिवण्याआधी दोर दोन खांबांमध्ये ताणून रात्रभर ठेवा, नवेपणाची लांबण निघून जाते. ताणलेला असतानाच त्यावर खडूने एक सरळ रेषा ओढा. शिवताना पीळ फिरत राहतो. ती रेषा सतत कापडाला लागून राहिली तर दोर सरळ बसतो. रेषा वर किंवा खाली सरकली की शिडाचा काठ गुंडाळत जातो, आणि तो दोष नंतर उसवल्याशिवाय निघत नाही. मग दोरावर आणि कापडावर दोन्हीकडे सारख्या संख्येने खुणा करा, कापडावरच्या खुणांमधलं अंतर थोडं जास्त ठेवून. सुती कापड आणि हेंप दोर असेल तर मी मीटरमागे दोन ते तीन सेंटीमीटर कापड जास्त सोडतो. पॉलिएस्टरचा आधी ताणून घेतलेला दोर फार कमी लांबतो, तिथे एक सेंटीमीटरच्या आतच राहतो. या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नका. तुमच्याच दोराचा आणि तुमच्याच कापडाचा एक मीटरचा नमुना शिवा, तो टांगून वजन लावा आणि चुण्या केव्हा सपाट होतात ते बघा. त्या एका तासात जे कळेल ते कोणत्याही तक्त्यात नाही.

सुई टोकाशी तीन धारांची हवी, दाभणासारखी मजबूत. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधतात, त्यात अंगठ्याच्या बुडाशी खाचा असलेली धातूची चकती असते. सुईचं बूड त्या चकतीवर टेकवून ढकलायचं. दोर शिवायचा पट्टा साध्या शिवणीच्या पट्ट्यापेक्षा जाड असतो, तोच घ्या. दोरा दुहेरी, मधमाशीच्या मेणातून चांगला ओढलेला. प्रत्येक टाका एका पेडाखालून, दोन पेडांमधल्या खाचेतून जायला हवा आणि मग कापडाच्या दुमडीतून. पेडाच्या सुतांमधून सुई घुसवू नका. सुतं कापली जातात आणि ताण आल्यावर टाका दोर चिरत जातो. एका पेडाला एक टाका, पिळाच्या चालीने. टाका ओढला की तो खाचेत बुडून दिसेनासा व्हायला हवा. वर राहिलेला टाका पहिल्याच घर्षणात तुटतो. पहिला एक मीटर फार वेळ घेईल आणि वाईट दिसेल. तो उसवून पुन्हा शिवा. तिसऱ्या मीटरपर्यंत हाताला लय सापडते.

शेवटची गोष्ट पाण्याची. हेंपचा किंवा सुती दोर भिजला की फुगतो आणि लांबीला आखडतो. पावसात किंवा दवात शीड ताठ बांधून ठेवलं तर दोर आखडत आखडत काठ इतका ओढतो की कापडाचा घाट कायमचा बिघडतो. शीड भिजलं की ते चढवणारा दोर आणि पायाचा दोर दोन्ही थोडे सोडा, सुकलं की पुन्हा घ्या. पॉलिएस्टरला पाण्याचा हा त्रास नाही, पण वर्षांनुवर्षांत तोही आखडतो. मग शीड पूर्वीइतकं वर चढत नाही आणि पुढच्या काठालगत पोट सुटल्यासारखं दिसतं. लोक नवं शीड शिवायला निघतात. बहुतेक वेळा खालच्या टोकाचे बांधलेले टाके उसवून दोर मोकळा सोडला, कापड हाताने ओढून सपाट केलं आणि टोक पुन्हा जिथे येईल तिथे शिवलं की शीड परत आपल्या मापावर येतं.

नवं शीड पहिले पाच-सहा दिवस हलक्या वाऱ्यातच लावा. काठ हातानेच ताणा, कप्पीने नाही. रीफ बांधू नका. चुण्या आपोआप कमी होत जातील. त्या संपल्यावर काठदोर आणि कापड पुन्हा मोजा, आणि चढवणाऱ्या दोरावर तुमची पहिली पक्की खूण तेव्हा करा.